पंधराच्या जागी सोळा: स्विफ्टची चाकं बदलताना

बडोद्यात रिमच्या दुकानासमोर गाडी उभी केली की पहिलं वाक्य कानावर येतं ते "बेसी जशे". बसेल! आणि खरंच बसतं. चार भोकं जुळली की कुठलंही चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर ते बसतं त्यावर, चढतं. ते मोकळं फिरतं का, पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर लायनरला, म्हणजे मडगार्डाच्या आतल्या प्लॅस्टिकला, लागतं का, मागे तीन माणसं बसल्यावर मडगार्डाच्या काठाला घासतं का, हे मात्र पैसे देऊन बाहेर पडल्यावर कळतं. म्हणून या कामातला निम्मा वेळ आम्ही टेप, वर्नियर आणि कागदावर घालवला.

गाडी स्विफ्ट, मूळ टायर १८५/६५ आर१५. पहिला हिशेब बाहेरच्या व्यासाचा. १८५ ही टायरची रुंदी; तिचे ६५ टक्के म्हणजे साइडवॉल, टायरची बाजूची भिंत, १२०.२५ मिलिमीटर. ती वर आणि खाली अशी दोनदा, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की ६२१.५. सोळाच्या रिमवर १९५/५५ घेतला तर साइडवॉल १०७.२५ आणि व्यास ६२०.९. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर, ओडोमीटर, एबीएस, कुणालाच काही कळत नाही. २०५/५० आर१६ घेतला की ६११.४, दीड टक्क्याहून जास्त कमी. चालतो, पण गाडी पाच मिलिमीटर खाली बसते आणि काटा थोडा जास्त वेग दाखवतो. दुकानात सगळ्यात जास्त गळ्यात मारला जातो तो १९५/५० आर१६, कारण तो स्टॉकला पडलेला असतो. त्याचा व्यास ६०१.४, तीन टक्क्यांहून कमी. तो घेऊ नये. मडगार्ड आणि टायरमधली जागा वाढून गाडी उलट जॅकवर उभी असल्यासारखी दिसते, म्हणजे ज्या दिसण्यासाठी खर्च केला तेच जातं.

सतराचा हिशेबही केला. २०५/४५ आर१७, व्यास ६१६.३, कागदावर उत्तम. पण साइडवॉल राहते ९२ मिलिमीटर. मूळच्या १२० मधून २८ गेले. वाघोडिया रोडवर किंवा पावसाळ्यानंतर शहरात कुठेही पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते वरून दिसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ओसरल्यावर रस्त्यांचं काय झालं होतं ते इथल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. अशा शहरात या गाडीला सतरा नको, असं आमचं सरळ मत. सोळावर थांबलो तर १३ मिलिमीटरच जातात आणि वळणावर गाडी डोलते ते बरंच कमी होतं.

आता रिम. चार गोष्टी जुळायला लागतात: पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट आणि रुंदी.

पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, सोपा आहे. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. स्विफ्टला १०० मिलिमीटर. बाजारात आठ भोकांच्या रिम मिळतात, चार १०० ची आणि चार १०८ ची, एकच माल दोन गाड्यांना विकता यावा म्हणून. त्यात चूक होत नाही. चूक होते ती ९८ च्या जुन्या फियाट रिममध्ये. स्टडवर, म्हणजे नट ज्यांवर आवळतात त्या हबच्या बोल्टांवर, ओढूनताणून चढते, नट तिरके बसतात, आणि स्टड कायम वाकवलेल्या अवस्थेत राहतो. असा स्टड कधीतरी तुटतो.

ऑफसेटवर मात्र वेळ घालवावा. रिमच्या मागच्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो; तो म्हणजे हबवर टेकणारी पाटी रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे त्याचं माप. आकडा जितका लहान, तितकं चाक मडगार्डाबाहेर येतं. कोरलेलं दिसत नसेल तर रिम तोंडावर उपडी ठेवायची, मागच्या कडांवर लोखंडी पट्टी आडवी टाकायची, आणि पट्टीपासून हबच्या पाटीपर्यंत खोली मोजायची. त्यातून रिमच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ईटी. एकूण रुंदी म्हणजे कडेपासून कडेपर्यंत. साडेपाच जेची रिम, म्हणजे टायर बसतो तिथे साडेपाच इंच रुंद असलेली, बाहेरून साधारण १६५ भरते. पट्टीपासून खोली १२७ आली तर १२७ वजा ८२.५, म्हणजे ईटी ४५ च्या आत-बाहेर.

मूळ रिम साडेपाच जे, ईटी ४५ धरून दोन पर्याय मांडले. पहिला दुकानाचा आवडता, साडेसहा जे, ईटी ४०. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर. ऑफसेट पाचने कमी, म्हणजे सगळं चाक पाच बाहेर. एकूण रिमचा बाहेरचा काठ १७.७ बाहेर आला आणि आतला ७.७ आत, स्ट्रटच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या खांबाच्या, दिशेने. दुसरा पर्याय सहा जे, ईटी ४०. बाहेर ११.३५, आत फक्त १.३५.

हे झालं रिमचं. टायरचा फुगवटा वेगळा मोजावा लागतो, आणि इथेच सहा जेचं पारडं जड होतं. १८५/६५ साडेपाच जेवर १८९ मिलिमीटर रुंद भरतो. म्हणजे रिमच्या काठापेक्षा टायर दोन्हीकडे १२ मिलिमीटर पुढे असतो. फुटपाथला गाडी लावताना आधी रबर टेकतं. १९५/५५ सहा जेवर २०१ भरतो, रिम १७७ च्या आसपास, पुन्हा तेच १२. तोच टायर साडेसहावर ताणला की २०६, रिम १९० च्या जवळपास, आणि संरक्षण आठवर येतं. रिम चपटी आणि रुंद दिसते खरी, पण रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात रस्त्याकडेला लावताना काठ दगडाला घासला की पहिल्या महिन्यातच ओरखडे. १९५/५५ साठी साडेपाच ते सात जे चालते, त्यामुळे दोन्ही नियमात आहेत. आम्ही सहा घेतली. ती शोधायला दोन आठवडे जास्त लागले.

रिमवर आयएसआयची खूण आणि आयएस ९४३६ पाहून घ्यावं, आणि मागे कोरलेला कमाल भार. पुढच्या एक्सलवर येणारं जास्तीत जास्त वजन भागिले दोन, त्याहून तो आकडा बराच वर हवा. रेप्लिका म्हणून मिळणाऱ्या काही रिमवर भाराचा आकडाच नसतो. त्या कितीही सुंदर असोत, ठेवून याव्यात. टायरवर आयएस १५६३३ असतं. भार निर्देशांक मूळ टायरचा ८८, म्हणजे ५६० किलो. १९५/५५ आर१६ सहसा ८७ मध्ये मिळतो, ५४५ किलो. जास्त हवेवर चालणारा ९१ चा प्रकारही असतो, ६१५ किलोचा; मिळाला तर तोच घ्यावा, साइडवॉल जरा दणकट असते. तारीख चार आकडी: ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. अपोलोचा कारखाना लिमड्याला आणि सिएटचा हालोलला, म्हणजे दोन्ही बडोद्याच्या उंबऱ्यावर, म्हणून इथे टायर ताजाच मिळेल असं समजू नये. आमच्या चारपैकी एक दीड वर्षांचा निघाला, तो बदलून घेतला.

मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटर. बाहेरच्या रिमचं भोक बहुतेक ७३.१ किंवा ६७.१, म्हणजे सगळ्या गाड्यांना चालावं एवढं मोठं. मधल्या मोकळ्या जागेत हब रिंग बसवायची: बाहेरून ७३.१, आतून ५४.१. अॅल्युमिनियमची मिळते, कडक प्लॅस्टिकचीही. प्लॅस्टिकची चालते, ती चिकटून गंजत नाही. रिंग न टाकणाऱ्या दुकानदाराचं म्हणणं असतं की नटाचा शंकू चाक आपोआप मध्यभागी आणतो. अर्धं खरं आहे. चारही नट हाताने, आलटून पालटून, चाक हवेत असताना घट्ट केले तर आणतो. पण नट आवळायच्या हवेच्या गनने पहिला नट पूर्ण आवळला की चाक त्या बाजूला सरकून बसतं, आणि एवढ्याशा सरकण्याने ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग बॅलन्सिंग तीनदा होतं आणि थरथर जात नाही, कारण बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक मध्यभागीच धरलेलं असतं. रिंग बसते तेव्हा हाताला कळतं: अंगठ्याने दाबत न्यावी लागते, शेवटच्या मिलिमीटरला टक् करते आणि मग बोटाने फिरत नाही. सैल पडली तर माप चुकलं आहे. तिरकी कड असलेली बाजू हबकडे.

नट एम१२, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिलिमीटर. बडोद्यातल्या बहुतेक दुकानांत शेजारच्या डब्यात ह्युंदाई, होंडा, टाटाचे १.५ पिचचे नट पडलेले असतात, दिसायला अगदी जुळे. चुकीचा नट दोन-तीन आटे जातो, मग जड होतो, आणि तिथे गन लावली की स्टडचे आटे मरतात. स्टड दाबून काढून नवा ठोकावा लागतो, म्हणजे आणखी अर्धा दिवस. म्हणून नियम एकच: प्रत्येक नट शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. अलॉयची पाटी स्टीलच्या रिमपेक्षा जाड असते, त्यामुळे किती फेऱ्या बसतात तेही मोजावं; १.२५ पिचवर निदान नऊ-दहा, म्हणजे स्टडच्या जाडीएवढी पकड. शंकू ६० अंशांचा. आमच्या रिमची नटाची भोकं अरुंद निघाली, १९ चा सॉकेट आत जाईना. बारीक डोक्याचे किल्लीवाले नट घ्यावे लागले, आणि ती किल्ली आता टूलकिटच्या पिशवीत बांधून ठेवली आहे. ती हरवली तर पंक्चरच्या वेळी रस्त्यावर बसायची वेळ.

टायर चढवण्याचं काम मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये केलं. कमी उंचीचा टायर म्हणजे कडक साइडवॉल. टायर चढवताना बीड, म्हणजे टायरची तार असलेली आतली कड, रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलून ठेवला नाही तर लिव्हरने जोर लावून बीडची तार तुटते. रिमच्या काठाला प्लॅस्टिकची टोपी असलेला जबडा हवा, नाहीतर नव्या रिमवर पहिला ओरखडा तिथेच. बीडला बीड पेस्ट किंवा निदान साबणाचं पाणी. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नये, रबर फुगतं आणि टायर रिमवर घसरतो. व्हॉल्व्ह नवे. पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणायचा, टायरची हलकी बाजू ती. हवा भरताना बीड दोनदा दण्णकन बसतो. चाळीस पीएसआयपर्यंत बसला नाही तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची, पन्नासवर नेऊन हात जवळ ठेवायचा नाही. मग रिमच्या काठालगत टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघायचं. एका चाकाची रेघ एका बाजूला चार मिलिमीटर आत बुडालेली होती, त्याची हवा काढून पुन्हा बसवलं.

बॅलन्सिंगला आतून चिकटवायची वजनं. त्याआधी रिमची आतली बाजू स्पिरिटने पुसली पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात पट्टी गळून पडते. चाक यंत्रावर धरणारा शंकू चाकाच्या मागच्या बाजूने, हबच्या बाजूने, लावायला सांगावं. एका चाकाला ९५ ग्रॅम मागत होतं. एवढं वजन चिकटवण्याऐवजी टायर रिमवर अर्धा फिरवला, ४० वर आलं.

चढवण्याआधी हबच्या पाटीवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला. स्विफ्टला मागे ड्रम आहेत. पंधराच्या बंद दिसणाऱ्या रिममागे ते लपलेले असतात, सोळाच्या उघड्या काड्यांमधून गंजलेला ड्रम लख्ख दिसतो. म्हणून लोक तो रंगवतात, लाल सगळ्यात जास्त. रंगवा, पण उष्णता सोसणारा रंग घ्या आणि रिम जिथे टेकते ती पाटी कागदाने झाकून. पाटीवर रंगाचा थर राहिला की तो दाबाने आणि उष्णतेने बसतो, आणि दोनशे किलोमीटरवर नट सैल झालेले सापडतात. मधल्या उंचवट्यावर ग्रीसचा नुसता हात फिरवला, रिंग गंजून अडकू नये म्हणून. स्टड कोरडे. तेल लावलेल्या स्टडवर टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, तोच आकडा दाखवतो, पण आतून ताण त्याहून बराच जास्त गेलेला असतो. टॉर्क पुस्तिकेतला, कर्णाच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत. गाडी जमिनीवर टेकवून शेवटचा.

आता खरी परीक्षा. ब्रेकचा कॅलिपर आणि काड्यांच्या मागच्या बाजूत निदान तीन मिलिमीटर, चाक हाताने पूर्ण फेरी फिरवून. चिकटवलेली वजनंही फिरत असतात, तीच आधी लागतात. स्ट्रट आणि टायरमध्ये करंगळी सहज जावी. मग पुढच्या लायनरच्या मागच्या भागात आणि मडगार्डाच्या आतल्या वळलेल्या काठावर मुलांच्या खेळण्याची चिकणमाती, बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या करून चिकटवली. गाडीत पाच माणसं, डिकीत तांदळाच्या दोन पोत्यांएवढं वजन. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, रिव्हर्स. पूर्ण उजवीकडे, रिव्हर्स. मग सोसायटीच्या गेटच्या उतारावरून तिरकं, एकेक चाक चढेल असं, आणि एका उंच स्पीडब्रेकरवरून. खाली उतरून बघितलं तर मागच्या दोन्ही चकत्या जशाच्या तशा, पुढच्या उजव्या लायनरमधली मात्र टायरच्या खांद्याने चपटी केली होती. नक्षीची रेघसुद्धा उमटली होती. मोजलं तर माती अजून चार मिलिमीटर शिल्लक. म्हणजे लागत नाही, पण चिखल साचला तर लागेल. लायनरची ती क्लिप बदलून प्लॅस्टिक मागे ओढून घेतलं. साडेसहा जे घेतली असती तर तिथे टायर आणखी अडीच मिलिमीटर बाहेर आला असता.

हवा. दारावरच्या स्टिकरवर ३० असेल तर ३२-३३, थंड टायरला. साइडवॉल लहान झाल्यावर टायरमधली हवाही कमी होते, आणि खड्ड्यात रिम वाचवते ती हवाच. ३६ वर नेलं की गाडी प्रत्येक जॉइंटवर उडते आणि टायर मधून झिजतो.

चाकाचं वजन जुन्या-नव्याचं काट्यावर करून बघावं. आमचं चाकामागे पावणेदोन किलो वाढलं. ते वजन कडेला फिरतं, स्प्रिंगच्या खाली असतं, म्हणून सिग्नलवरून निघताना आणि लहान खडबडीत रस्त्यावर जाणवतंच. सरळ रस्त्यावर नाही.

पन्नास किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासला. दोन नट थोडेसे फिरले. अलाइनमेंट केली. व्यास तोच असल्याने कोन बदलत नाहीत, पण ईटी पाचने कमी झाल्यामुळे टायरची मध्यरेषा बाहेर गेली आहे, आणि ट्रकांनी खोल केलेल्या चाकोऱ्यांमध्ये स्टिअरिंग थोडं ओढतं. हे अलाइनमेंटने जात नाही, सवयीने जातं. थरथर बघायला दुमाडहून अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर, शंभरच्या मर्यादेत. ऐंशी ते शंभरमध्ये स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची. थरथरलं नाही.

विमा कंपनीला रिमचं बिल पाठवून पॉलिसीत नोंद करून घेतली, नाहीतर अपघातात मूळ रिमचीच किंमत धरतात. वॉरंटीतल्या गाडीला सस्पेन्शनच्या तक्रारीत ही चाकं पुढे केली जाऊ शकतात, हेही लक्षात ठेवून मूळ चार चाकं विकली नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात काय बघायचं ते सांगतो. खड्डा लागला की रिमची बाहेरची बाजू ठीक दिसते. वाकते ती आतली कड, जी दिसत नाही. दर आठवड्याला एकाच चाकाची दोन-तीन पीएसआय हवा जात असेल तर चाक काढून आतल्या कडेला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे तिथेच येतात. थोडी वाकलेली रिम यंत्रावर सरळ होते. तडा गेलेल्या रिमला वेल्डिंग करून देणारे शहरात आहेत. ती घेऊ नये. साइडवॉलला फुगा आला, मुगाच्या दाण्याएवढा का असेना, तर आतले धागे तुटले आहेत. त्याला पॅच नसतो, टायर जातो.

स्टेपनी मूळ मापाची स्टीलचीच ठेवली. १८५/६५ आर१५ असो की १६५/८० आर१४, व्यास ६२१.५ आणि ६१९.६, नव्या टायरच्या बरोबरीचा, त्यामुळे गरज पडली तर पुढेही लावता येते. फक्त नवे बारीक नट स्टीलच्या रिमवर नीट टेकत नाहीत. म्हणून मूळचे चार नट एका डबीत, स्टेपनीच्या खड्ड्यात, जॅकशेजारी.